बोलत उभं राहायचं

रायगडावर राणीवशाच्या उघड्या जोत्यांमधून फिरताना गाईड एका कोपऱ्यात थांबला, सगळ्यांना जवळ बोलावलं आणि आवाज जरा खाली आणून म्हणाला, "आता हे बघा. शौचकूप. प्रत्येक दालनाला स्वतंत्र. त्या काळात!" आमच्या बदलापूरच्या निवृत्त मंडळींच्या सहलीत खसखस पिकली. "म्हणजे अटॅच्ड की हो," कुणीतरी म्हणालं. मोबाइल बाहेर निघाले. एका काकांनी त्या दगडी भोकाशेजारी उभं राहून दोन बोटं वर करून फोटोसुद्धा काढून घेतला.

मी पुढे होऊन दाराच्या जागेवरच्या दगडावर हात फिरवला. एका बाजूला हाताच्या मुठीएवढा खळगा होता. अडसर सरकवायची खोबण, की वाऱ्यापावसाने झिजलेला दगड, ते मला कळेना.

"याला आतून कडी होती का हो?" मी गाईडला विचारलं.

तो माझ्याकडे वळला. "बाई, वीस वर्षं गड दाखवतोय. हा प्रश्न आजवर कुणी विचारला नाही."

"हिला ताजमहाल दाखवायला नेलं तरी ही आधी मुमताजचा संडास कुठे ते विचारेल," आमच्या ह्यांनी सगळ्यांसमोर जाहीर केलं आणि पुन्हा हशा झाला. मीही हसले. लग्नाला अडतीस वर्षं झाली, पण मी हे का बघते ते ह्यांना सांगितलेलं नाही. त्यांना वाटतं, असतं एकेकाला वेड.

वेडच म्हणायचं. वसईच्या किल्ल्यात भिंतीच्या जाडीत कोरलेली एक अरुंद कोनाड्यासारखी जागा आहे, तिच्यात मी शिरून उभी राहिले होते. आत वटवाघळांचा उग्र वास होता आणि पायाखाली पालापाचोळा. राजस्थानातल्या एका महालात संगमरवरी बैठक आणि शेजारी चांदीचा तांब्या काचेआड ठेवला होता, वर 'हात लावू नये' अशी पाटी. माथेरानला एका जुन्या बंगल्यात सागवानी खुर्ची बघितली, बसायच्या जागी गोल भोक आणि खाली एनॅमलचं भांडं. त्या खोलीला मागच्या बाजूने एक बुटकं दार होतं. भांडं उचलून नेणाऱ्या माणसाने तिथून यायचं आणि तिथूनच जायचं, म्हणजे कुणाच्या नजरेस पडायला नको. त्या दाराला बाहेरून भक्कम कडी होती. आतून काही नव्हतं. तिथून बाहेर आल्यावर मला दिवसभर काही गोड लागलं नाही.

सगळीकडे मी एकच बघते. आत बसलेल्या माणसाला स्वतःला बंद करून घेता येत होतं की नाही. आमच्या अंबरनाथच्या शिवमंदिराला लोक लांबून येतात, मान मोडेपर्यंत वरची शिल्पं बघतात. मी तिथे गेले की मला त्या कोरणाऱ्या माणसांच्या बायका आठवतात. वर्षानुवर्षं काम चाललं असणार, शेजारी वालधुनी वाहत असणार, आणि त्या बायका अंधार असताना नदीकडे निघत असणार. एक पुढे, एक मागे. त्यांचं कुणी काही कोरून ठेवलेलं नाही.

गेल्या महिन्यात भाचीच्या लग्नाचे कपडे घ्यायला उल्हासनगरला गेले होते. खरेदी लवकर आटपली, तेव्हा रिक्षावाल्याला म्हटलं, "कॅम्प नंबर चारला घे." कशाला जातेय ते माझं मलाच नीट माहीत नव्हतं. आम्ही राहायचो त्या बराकीच्या जागी आता चार मजली इमारत आहे. तळमजल्यावर जीन्स शिवायचा कारखाना, रस्त्यावर निळ्या चिंध्यांचे ढीग, आणि यंत्रांचा आवाज असा की शेजारच्याचं बोलणं ऐकू येऊ नये. त्या इमारतीला वळसा घालून मागे गेले आणि थांबले. ओळ तशीच होती.

लढाईच्या काळात सैनिकांसाठी बांधलेले ते संडास. पुढे बायकांची सहा दारं, त्यांच्या पाठीला पाठ लावून पुरुषांची सहा. मधली एक भिंत पडली होती. वरच्या पत्र्यातून पिंपळ निघाला होता. दोन दारं शाबूत होती, बाकीच्या खोल्यांमध्ये कापडाच्या कातरणांची पोती कोंबलेली होती. मी पिशव्या खाली ठेवल्या आणि फोटो काढला.

कारखान्यातून पन्नाशीचा एक माणूस बाहेर आला. शर्टावर सगळीकडे निळे धागे. "क्या मॅडम, म्युनिसिपालटीतून आलात काय?"

"नाही. सहजच."

"ये हेरिटेज नहीं है, मॅडम. संडास आहे." तो हसला. "पुढच्या महिन्यात तोडणार. पार्किंग बनेगा."

"माहितीये संडास आहे. मी इथे उभी राहायचे."

"लायनीत? वो तो सब लोग खडे रहते थे. माझी आई पण सांगायची."

"लायनीत नाही. दाराशी."

त्याचं हसणं थांबलं. त्याच्या आईने त्याला तेही सांगितलं असावं. "आत जाऊन बघायचं तर बघा," तो म्हणाला, "पण जपून, साप-बीप असतो." मी आत गेले नाही. तिसऱ्या दाराजवळ थोडा वेळ उभी राहिले आणि परत फिरले.

आम्ही उल्हासनगरला आलो तेव्हा मी पाच वर्षांची होते. बाबा अंबरनाथला कारखान्यात लागले. तिथे खोली मिळेना, म्हणून एका सिंधी कुटुंबाने त्यांच्या बराकीतला अर्धा भाग आम्हाला भाड्याने दिला. मध्ये पडदा होता, पुढे त्याच्या जागी प्लायवूड आलं. पलीकडे लाजवंती मासी. कपाळ मोठं, आवाज त्याहून मोठा, हाताला कायम पापडाच्या पिठाचा वास. दुपारी बराकीसमोर खाटा मांडल्या जायच्या आणि त्यांवर धुतलेल्या साड्या पसरून पापड वाळत घातलेले असायचे. मिरीचा आणि हिंगाचा तो वास, त्यात ओल्या चुन्याचा, कुणाच्या तरी घरच्या पालेभाजीचा आणि वारा फिरला की मागच्या ओळीचा. वास वेगळे करता यायचे नाहीत. आजही चांगला मिरीचा पापड भाजला की मला क्षणभर नाक दाबून घ्यावंसं वाटतं, आणि मग माझीच मला लाज वाटते.

त्या ओळीतल्या दारांना कड्या नव्हत्या. सैनिकांच्या वेळी होत्या म्हणे. मग कुणीतरी लोखंड म्हणून उपटून नेल्या. नवी कडी बसवली की आठवड्याभरात गायब. सुतळी बांधली तर ती तुटायची. आत खिडकी नव्हती, दिवा नव्हता, आणि दारापासून बसायची जागा इतकी लांब की हाताने दार धरता यायचं नाही. म्हणून प्रत्येक बाईबरोबर कुणीतरी यायचं आणि दाराशी उभं राहायचं.

आणि नुसतं उभं राहून भागायचं नाही. बोलत उभं राहायचं. हा त्या ओळीचा नियम होता. तो कुणी घातला ते कुणाला माहीत नव्हतं, पण मोडायचं कुणी नाही. आतलीला बाहेरचं दिसत नाही, तेव्हा तिला आवाज ऐकू येत राहिला पाहिजे. आवाज थांबला की आतून लगेच खाकरणं यायचं, "आहेस ना गं?" मग बायका बोलायच्या. आज काय शिजवलं, कुणाच्या सासूने काय म्हटलं, कुठल्या नळाला पाणी आलं. दोघी भांडलेल्या असल्या आणि महिनाभर एकमेकींचं तोंड बघत नसल्या, तरी वेळ आली की एक दुसरीसाठी उभी राहायचीच, आणि समोरच्या भिंतीकडे बघून भाज्यांचे भाव सांगत राहायची. काम झालं की अबोला पुढे चालू.

आम्हा मुलींकडे बोलण्यासारखं काही नसायचं. मग आम्ही पाढे म्हणायचो. कविता, नद्यांची नावं, महिने, पण जास्त करून पाढेच. सकाळच्या वेळी दोन-तीन दारांशी मुली उभ्या असल्या की लांबून शाळा भरल्यासारखं वाटायचं. माझे तिसापर्यंतचे पाढे चोख आहेत याचं पुढे नोकरीत, बँकेत सगळ्यांना कौतुक वाटायचं. ते कुठे पाठ झाले ते मी कुणाला सांगितलं नाही.

मी आईसाठी उभी राहायचे. मला ते काम आवडायचं, खरं सांगते. आईचं सगळं माझ्याशिवाय अडायचं. तिच्या चोळीच्या मागच्या गाठी मी बांधायचे, न्हाताना तिची पाठ मी चोळायचे, आणि ती आत असली की बाहेर माझा आवाज असायचा. परत येताना ती माझ्या डोक्यावरून ओला हात फिरवायची. "एकोणिसाचा चुकलीस हो," म्हणायची. आत बसून ती माझे पाढे तपासत असायची.

मी सहावीत असतानाचा चेटीचंड, सिंध्यांच्या नव्या वर्षाचा सण. आमचा पाडवा नुकताच झालेला, गुढीच्या साखरेच्या गाठी अजून डब्यात होत्या. दुपारी चारच्या सुमाराला आईच्या पोटात कळ आली आणि आम्ही दोघी ओळीकडे गेलो. ती तिसऱ्या दारात शिरली. शेवटच्या दाराशी माझ्याच वर्गातली कुंदा उभी होती, तिची वहिनी आत होती. कुंदा एकोणिसाचा पाढा म्हणत होती. मीही तोच सुरू केला. दोघींचे आवाज सारखेच होते, बाई शाळेतही आमच्यात गल्लत करायच्या.

तेवढ्यात बराकींच्या पुढच्या रस्त्यावर ढोल ऐकू आला. बहराणा निघाला होता, झुलेलालची मिरवणूक. पितळी परातीत कणकेचा दिवा, फुलं, फळं, पुढे काठ्या घेऊन नाचणारे पुरुष, आणि "आयोलाल झुलेलाल" असा गजर. लाजवंती मासी सकाळपासून सांगत होती, या वर्षी परात तिच्या दिराच्या डोक्यावर असणार. मी मान वळवून बघत होते. बराकींच्या फटीतून नुसते रंग दिसत होते. मग मी चार पावलं गेले, आणि आणखी चार. कुंदा म्हणत होती, "एकोणीस चोक शहात्तर, एकोणीस पंचे पंच्याण्णव." मला वाटलं, आईला आवाज तर ऐकू जातोय.

रस्त्याच्या कडेला मी किती वेळ उभी होते कुणास ठाऊक. कुणीतरी माझ्या हातावर गोड केशरी भात ठेवला, ताहिरी म्हणतात त्याला. तो गरम होता. बडीशेपेचा वास येत होता. तो मुठीत धरूनच मी पळत परत आले.

तिसरं दार सताड उघडं होतं. एक परका माणूस, पाहुणा असावा, कपाळाला गंध, पांढरा झब्बा, दोन्ही हात जोडून मागे मागे सरत होता. "माफ करना, माताजी, माफ करना. पता नहीं था, लेडीज है." दारांवरची बाईची आणि पुरुषाची चित्रं कधीच उडून गेली होती. परगावच्या माणसाला पुढची बाजू कुणाची, मागची कुणाची, कसं कळणार. त्याने दार ढकललं होतं. उन्हातून अंधारात आल्यामुळे त्याला क्षणभर काही दिसलं नाही, म्हणून तो तिथेच थांबला. त्याला दिसलं नाही, पण आईला तो दिसत होता. ती ओरडू शकली नाही आणि उठूही शकली नाही. हे सगळं मला फार पुढे मासीकडून तुकड्यातुकड्याने कळलं.

तो गेला आणि मी माझ्या जागेवर जाऊन उभी राहिले. का, ते सांगता येत नाही. जागेवर असलं की काही झालंच नाही असं होईल, असं काहीतरी वाटलं असावं. आई बाहेर आली. पदर डोक्यावरून ओढून घेतलेला, हातात डबा. तिने माझ्याकडे बघितलं आणि लगेच नजर खाली केली. आईने माझ्यापुढे नजर खाली करायची ती पहिली वेळ. ओळीच्या टोकाला कुंदा अजून पाढे म्हणत होती.

घरी आल्यावर तिने मला मारलं नाही, काही विचारलं नाही. संध्याकाळी भाकरी थापताना पाठमोरीच म्हणाली, "उद्यापासून मी पहाटे मासीबरोबर जाईन. तू नको येऊस."

त्यानंतर तिने मला कधीच बरोबर नेलं नाही. न्हाणीच्या पडद्याला आतून दोन पिना लागल्या. चोळीच्या गाठी ती हात मागे नेऊन स्वतःच बांधायला शिकली. मला शिक्षा झाली आहे हे मी समजून चुकले, आणि शिक्षा रास्त आहे हेही. मी जागा सोडली हे तिला कळलंय, ती बोलून दाखवत नाही एवढंच, असं मी धरून चालले. कितीतरी वेळा तोंडाशी आलं, की आई, चुकलं माझं. पण ती माझ्याकडे बघायचीच नाही, आणि खाली घातलेल्या नजरेशी बोलायचं कसं.

मग तिचं पाणी सुटलं. पहाटे एकदा जाऊन आली की दिवसभर घशाखाली घोट उतरवायची नाही. जेवताना पाण्याचं भांडं नाही. उन्हाळ्यात घरात कलिंगड आलं की आम्हाला फोडी करून द्यायची आणि स्वतः साली टाकायला जायची. ताक नाही, सरबत नाही. ओठ फारच सुकले तर पदराचं टोक ओलं करून ओठांवरून फिरवायची. सिंध्यांच्या घरी पाहुणा आला की आधी पापड आणि पाणी पुढे येतं. आई पापड खायची आणि पेला तसाच सरकवून ठेवायची. एकदा मासी भडकली. आईला ती अदी म्हणायची, म्हणजे ताई.

"अदी, आमच्या घरचा पाणी तुला चालत नाय काय? पापड चालतो, पाणी नाय चालत?"

आईच्या डोळ्यांत पाणीच आलं. ती मासीच्या कानाशी लागून काहीतरी बोलली. मासी बराच वेळ गप्प बसली, आणि तिला गप्प बसलेलं मी तेव्हा एकदाच पाहिलं. त्या दिवसापासून मासी आईला कधी पाणी विचारायची नाही. पहाटे मात्र आमचं प्लायवूड बोटाने वाजवायची, "हल अदी, हल," आणि दोघी चपला न वाजवता निघायच्या. अंथरुणात पडल्या पडल्या मला मासीचं बोलणं ऐकू यायचं. एवढ्या मोठ्या आवाजाची बाई, पण तेव्हा हलक्या आवाजात सिंधमधल्या तिच्या गावाबद्दल सांगत असायची. ते बोलणं ऐकत मी जागी राहायचे. ती माझी जागा होती.

पुढे बाबांनी बदलापूरला खोली घेतली. आत संडास, आतून कडी. आईने पहिल्या दिवशी ती कडी चार-पाचदा लावून काढून बघितली. पण इतक्या वर्षांची सवय एका कडीने जात नाही. पाणी ती तसंच मोजून प्यायची. मासी आम्हाला निरोप द्यायला आली नाही. निघायच्या आदल्या दिवशी पापडाचा डबा देऊन गेली होती. पुढे ती वारली, तेही आम्हाला वर्षभराने कळलं.

बाबा गेल्यावर आई माझ्याकडे, बदलापुरातच हेंद्रेपाड्याला आली. आता चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. डोकं तल्लख, कान शाबूत, मूत्रपिंडं मात्र जवळजवळ संपलीत. "पाणी कमी पिण्याची सवय होती का?" डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत विचारलं होतं. कारणं पुष्कळ असतात, वय असतं, रक्तदाब असतो, हेही ते म्हणाले. मी फक्त पहिलं वाक्य घरी घेऊन आले. आता तर त्यांनीच पाणी मोजून द्यायला सांगितलंय, दिवसाला एवढंच. मी मापाचा पेला पुढे केला तेव्हा आई म्हणाली, "मला जमेल. सवय आहे." घरात नळाला बारवी धरणाचं पाणी धो धो येतं. आई त्याच्याकडे बघतही नाही.

दोन महिन्यांपूर्वी ती बाथरूममध्ये पडली. कडी आतून लागलेली. दार तोडावं लागलं. डॉक्टरांनी बजावलं, यापुढे कडी लावायची नाही. तिची आंघोळ वगैरे करायला सकाळ-संध्याकाळ एक बाई येते. मी करते म्हटलं तर आई ऐकत नाही. बाई तिच्याजवळ असते तेव्हा मला खोलीतसुद्धा येऊ देत नाही. माझी चूक ती या वयातही विसरलेली नाही, हे मी रोज सकाळी बंद दाराकडे बघून नव्याने शिकत होते.

उल्हासनगरहून परत आले त्या दिवशी बाई आली नव्हती. संध्याकाळचे पाच-सव्वापाच वाजले असतील. हे फिरायला गेले होते. आईने हाक मारली. तिला धरून दारापर्यंत नेलं, तेव्हा तिने माझा हात सोडवून घेतला. "तू बाहेर थांब," म्हणाली. दार लोटलं गेलं. कडी नव्हती. थोड्या वेळाने आतून खाकरणं आलं. "आहेस ना गं?"

"आहे."

"मग बोल की काहीतरी. गप्प का?"

एवढ्या वर्षांत तिने मला पहिल्यांदाच बोलायला सांगितलं होतं. मला एकही पाढा सुचेना. मी म्हणाले, "आई, आज मी कॅम्पात गेले होते. आपली मागची ओळ पाडणार आहेत."

"अजून आहे ती?"

"दोन दारं आहेत."

 मला आत बसलेल्या तिची भीती वाटली, म्हणून मी बोलत गेले. दार मध्ये होतं म्हणूनच बोलू शकले. "आई, चेटीचंडच्या दिवशी मी तिथे नव्हते. मी बहराणा बघायला गेले. तुला सोडून गेले. मी थांबले असते तर तो माणूस आत आलाच नसता. मला माहितीये, तुला कळलं होतं. तू काही बोलली नाहीस, पण मी..."  चौसष्ट वर्षांची बाई मी, बाथरूमच्या दाराला कपाळ टेकून रडत होते.

"काय म्हणालीस?" आतून आवाज आला. "तू नव्हतीस?"

"नव्हते, आई."

"मग पाढे कोण म्हणत होतं?"

"कुंदा. शेवटच्या दाराशी. आमचे आवाज सारखे होते."

"पण मी बाहेर आले तेव्हा तू होतीस."

"पळत आले होते. तोपर्यंत तो निघाला होता."

 मी दारावर हात ठेवला, ढकलू की नको कळेना.

"मला वाटलं," आई सावकाश म्हणाली, "मला इतकी वर्षं वाटत होतं की तू तिथेच होतीस. त्याने दार उघडलं, आणि तू बाहेर उभी राहून मला बघितलंस. तशी. आणि पाढे म्हणत राहिलीस." तिला दम लागला. "मुलीने आईला तसं बघितल्यावर तिच्यापुढे कसं जायचं गं? मला तुझ्याकडे वर बघवेना."

 ती माझ्यावर रागावलीच नव्हती. ती मला लाजत होती. मी शिक्षा समजून जे भोगलं, ते तिचं लपणं होतं, आणि त्याच दिवशी भाकरी थापणाऱ्या पाठीला मी एक वाक्य बोलले असते, तर तिने कदाचित माझ्याकडे वळून बघितलं असतं. कदाचित उन्हाळ्यात एक पेलाभर पाणीही प्यायली असती. आता कशालाच काही अर्थ नाही, हे मला कळत होतं.

"म्हणजे तू मला बघितलं नाहीस?" तिने पुन्हा विचारलं. अगदी लहान आवाजात.

"नाही, आई. मी काहीच बघितलं नाही. देवाशपथ."

"बरं झालं," ती म्हणाली. मग पुन्हा, "बरं झालं गं बाई, तू नव्हतीस."

मी दाराशी उभी होते. काहीतरी बोलायला हवं होतं, तिने विचारायच्या आत. शब्द जुळवत होते तेवढ्यात आतून आवाज आला.

"आता नाही बोललीस तरी चालेल. आणि आत ये. मला उठव."